प्रभातच्या आवारात

प्रभात फिल्म कंपनीची स्थापना १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात झाली. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर हे चौघे कारागीर आणि भांडवल घालणारे सीतारामपंत कुलकर्णी, असे पाच भागीदार होते. कंपनी जेमतेम चोवीस वर्षे चालली. तेवढ्यात तिने मराठी माणसाला पहिला मराठी बोलपट दिला, ‘संत तुकाराम’ दिला, ‘कुंकू’, ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ दिले. पुण्यात तिने उभारलेल्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

वसई-विरारमध्ये निघणाऱ्या स्मरणिकेत कोल्हापूर-पुण्याच्या कंपनीचा इतिहास कशाला, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या लोकलच्या मार्गावरच आहे. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ दादरला काढला. १९३४ मध्ये बॉम्बे टॉकीज मालाडला उभी राहिली, १९४३ मध्ये फिल्मिस्तान गोरेगावला. गोरेगावच्याच डोंगरात १९७७ मध्ये सरकारी चित्रनगरी आली. पुढे तिथेही जागा अपुरी पडू लागली, भाडी वाढली, आणि हा धंदा खाडी ओलांडून आपल्याकडे आला. आज नायगाव पूर्वेला आणि आसपासच्या मोकळ्या जमिनींवर मालिकांचे वाडे, राजवाडे, चाळी आणि देवळे उभी आहेत. त्याच्याही पुढे, पालघर जिल्ह्याची हद्द ओलांडताच, उंबरगावला १९८७ साली दूरदर्शनच्या ‘रामायणा’चे चित्रीकरण झाले होते. दादरपासून उंबरगावपर्यंत पश्चिम रेल्वेच्या रुळांना धरूनच हा उद्योग उत्तरेकडे सरकत आला आहे. सेट बांधणारे सुतार, पीओपीचे काम करणारे, रंगारी, लाइटवाले, ड्रेसवाले, मेकअपवाले यांतले कितीतरी जण नालासोपारा आणि विरारला राहतात. तेव्हा प्रभातचा इतिहास हा आपल्या शेजाऱ्यांच्या धंद्याचाच इतिहास आहे. तो मी त्याच बाजूने सांगणार आहे. नटनट्यांच्या गोष्टी पुष्कळांनी सांगितल्या आहेत. मला सांगायचे आहे ते हाताने काम करणाऱ्यांचे, कारण प्रभात मोठी झाली ती त्यांच्यामुळे, असे माझे मत आहे.

स्टुडिओचे काम कसे चालते हे पडद्यावर दाखवावे, ही कल्पनाही आपल्याकडे फार जुनी आहे. १९१७ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ नावाचा छोटा पट काढला. त्याचे काही तुकडे आज उपलब्ध आहेत. त्यांत दादासाहेब नटांना काम समजावताना दिसतात, फिल्मची पट्टी हातात घेऊन तपासताना दिसतात. देव पडद्यावर चालताबोलताना पाहून हात जोडणाऱ्या प्रेक्षकांना त्यांनी सरळ स्वयंपाकघरात नेले आणि हे सगळे कसे शिजते ते दाखवले. हातचे राखून ठेवण्याची वृत्ती त्यांच्यात नव्हती. आपल्या देशातला, स्टुडिओच्या कामावरचा हा पहिला माहितीपट म्हणायला हरकत नाही. पुढच्या काळात मोठमोठ्या कंपन्या निघाल्या, पण आपल्या कारखान्याचे असे चित्रण करून ठेवण्याचे फार थोड्यांना सुचले. प्रभातचे आवार भरात असताना तिथला सुतारखाना, रसायनशाळा, ध्वनीची खोली कुणी तासभर चित्रित करून ठेवली असती, तर आज आपल्याला केवढा ठेवा मिळाला असता!

प्रभातची मुळे कोल्हापूरच्याच, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आहेत. बाबूराव मेस्त्री म्हणजे बाबूराव पेंटर आणि त्यांचे आतेमामे भाऊ आनंदराव हे संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारे कलावंत. फाळक्यांचे चित्रपट पाहून त्यांनी आपलाही चित्रपट काढायचे ठरवले. परदेशी कॅमेरा घेण्याइतका पैसा नव्हता, म्हणून त्यांनी कॅमेरा घरीच बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. काम अर्धे राहिले होते. बाबूरावांनी ते दामल्यांच्या मदतीने पुरे केले आणि १९१८ च्या सुमारास कोल्हापुरात बनलेला कॅमेरा चालू लागला. त्या कॅमेऱ्यावर ‘सैरंध्री’ निघाला. १९२० मध्ये तो पुण्यात लागला तेव्हा लोकमान्य टिळकांनी बाबूरावांचा ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरव केला.

या कंपनीत चौघे भागीदार घडले. दामले यंत्रांचे आणि पुढे ध्वनीचे जाणकार. फत्तेलाल चित्रकार, नेपथ्य आणि वेशभूषा त्यांच्याकडे. धायबर कॅमेऱ्यावर. शांताराम गंधर्व नाटक मंडळीत काही काळ राहून आलेले, हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये काम केलेले. महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते पडेल ते काम करत शिकले, ‘सावकारी पाश’मध्ये शेतकऱ्याची भूमिका केली आणि १९२७ मध्ये ‘नेताजी पालकर’चे दिग्दर्शनही केले. यांतल्या एकाचेही शिक्षण चित्रपटशास्त्राच्या शाळेत झाले नव्हते, कारण तशी शाळाच देशात नव्हती. रंगाची बादली, लेथ, करवत, अंधारखोली याच त्यांच्या इयत्ता. पुढे यांच्याच आवारात देशाची चित्रपटशाळा निघावी हा योग मला फार मोलाचा वाटतो.

कोल्हापुरात प्रभातने सहा मूकपट काढले. पहिला ‘गोपाळकृष्ण’, १९२९ चा. १९३० च्या ‘उदयकाल’मध्ये शांतारामांनी शिवाजी महाराजांची भूमिका केली. त्याचे मूळ नाव ‘स्वराज्याचे तोरण’ होते. इंग्रज सरकारच्या सेन्सॉरला स्वराज्य हा शब्द पडद्यावर नको होता, म्हणून नाव बदलावे लागले. या काळात चित्रीकरण मुख्यतः सूर्यप्रकाशात चाले. उन्हाची तीव्रता पांढऱ्या कापडांनी मवाळ करायची, सावली सरकली की सेटही तिच्या हिशेबाने वापरायचा. ढग आले की काम थांबे.

मार्च १९३१ मध्ये मुंबईत ‘आलम आरा’ लागला आणि मूकपटांचे दिवस भरले. प्रभातपुढे दोनच वाटा होत्या, ध्वनी शिकायचा किंवा कंपनी बंद करायची. दामल्यांनी ध्वनिमुद्रणाची यंत्रे स्वतः समजून घेतली. फेब्रुवारी १९३२ मध्ये मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘अयोध्येचा राजा’ झळकला. हा पहिला मराठी बोलपट. त्याची हिंदी आवृत्तीही सोबत तयार झाली. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले होते आणि दुर्गा खोटे तारामती. चांगल्या घरातल्या, शिकलेल्या स्त्रीने चित्रपटात काम करणे तेव्हा समाजाला पटत नव्हते. दुर्गाबाईंच्या येण्याने ते दार उघडले.

आजच्या मालिकावाल्यांना त्या काळचे ध्वनिमुद्रण सांगितले तर नवल वाटेल. पार्श्वगायन अजून आले नव्हते. नट कॅमेऱ्यापुढे उभा राहून बोलणार आणि त्याच दमात गाणार, साथीदार चौकटीबाहेर लपून वाजवणार, आणि सारे एकाच वेळी मुद्रित होणार. कुणी खोकला, बाहेरून बैलगाडी गेली, की दृश्य पुन्हा पहिल्यापासून. त्यातच मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्या काढायच्या म्हणजे तोच सेट, तोच उजेड ठेवून दृश्य दोनदा घ्यायचे. मराठीत जमलेला भाव हिंदीतही जमला पाहिजे. ही शिस्त प्रभातने अंगी बाणवली आणि तिच्या जोरावर ती देशभर पोहोचली.

१९३३ मध्ये कंपनीने ‘सैरंध्री’ रंगीत काढायचे धाडस केले. फिल्मवरचे रंगाचे संस्कार जर्मनीत करायचे म्हणून शांताराम तिकडे गेले. पडद्यावर मात्र रंग मनासारखे उतरले नाहीत आणि कंपनीला फटका बसला. पण जर्मनीतले स्टुडिओ, तिथली प्रकाशयोजना, भिंगे हे सारे त्यांनी डोळसपणे पाहिले. त्याचा लाभ पुढच्याच चित्रपटात दिसला.

त्याच वर्षी कंपनीने कोल्हापूर सोडले. बोलपटाला बंदिस्त, आवाज न शिरणारे चित्रणगृह लागते, भरवशाची वीज लागते, मुंबईच्या बाजाराशी रोजचा संबंध लागतो. दख्खनची राणी १९३० पासून मुंबई-पुणे धावत होती. पुण्याच्या एरंडवण्यात, टेकडीच्या पायथ्याशी, तेव्हाच्या गावाबाहेर कंपनीने जागा घेतली. आज तिथून जवळच जो रस्ता शहरातला नामांकित रस्ता आहे, त्याचे प्रभात रोड हे नाव कंपनीवरूनच पडले. त्या काळी मात्र तिथे रान होते. रानात स्टुडिओ आला आणि मागून वस्ती आली. नायगावला नेमका हाच क्रम आपण पाहिला आहे.

पुण्याच्या आवारातले चित्रणगृह त्या वेळच्या देशातल्या मोठ्यात मोठ्या चित्रणगृहांपैकी होते. पण त्या आवाराचे खरे वैशिष्ट्य असे की चित्रपटाला जे जे लागते ते सगळे कुंपणाच्या आत होते. कथा लिहिणारे आत, संगीतकार आणि वादक आत, सुतारखाना, रंगशाळा, शिवणकाम, ध्वनिमुद्रण, रसायनशाळा, संकलन सगळे आत. बाह्यचित्रणासाठी बाग होती, तळे होते. ते तळे आज शांतारामांच्या नावाने ओळखले जाते. नटापासून कामगारापर्यंत सगळे महिन्याच्या पगारावर. सकाळी ठरल्या वेळी फाटकातून आत यायचे. नायिकेचीही सुटका नव्हती.

पगारी माणूस असला की काय होते ते समजून घेतले पाहिजे. आज सेटवर काम करणारा सुतार रोजावर किंवा शिफ्टवर असतो. हे काम संपले की दुसरीकडे, दुसऱ्या ठेकेदाराकडे. त्याने वाड्याची चौकट नऊ दिवसांत उभारायची असते, कारण दहाव्या दिवशी युनिट येणार असते. प्रभातचा सुतार वर्षानुवर्षे त्याच छपराखाली होता. एका चित्रपटात मंदिराचा खांब करताना काय चुकले हे त्याला पुढच्या चित्रपटात आठवत असे. फत्तेलालांनी काढलेले रेखाचित्र, त्यावरून सुताराने केलेला सांगाडा, त्यावर चढणारा मातीचा किंवा प्लास्टरचा थर, त्यावर रंगाऱ्याने आणलेला जुनेपणा आणि शेवटी त्या भिंतीवर पडणारा उजेड, हे सगळे एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांच्या हातून होत असे. अनंत माने, दत्ता धर्माधिकारी, राजा नेने हे पुढचे दिग्दर्शकही या आवारातच तयार झाले. दिग्दर्शकाने हाताखाली शिकावे तसेच रसायनशाळेतल्या माणसानेही शिकावे, अशी ती जागा होती.

पुण्यातला पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’, १९३४ चा. राजगुरूची भूमिका करणाऱ्या चंद्रमोहन यांचा डोळा पडदाभर दाखवणारे त्यातले दृश्य गाजले. जर्मनीचा प्रवास असा कारणी लागला. १९३५ मध्ये बालगंधर्वांना संत एकनाथांच्या भूमिकेत घेऊन काढलेल्या चित्रपटाला ‘महात्मा’ नाव द्यायचे होते. गांधीजींची आठवण होईल म्हणून सेन्सॉरने ते अडवले आणि ‘धर्मात्मा’ असे नाव ठेवावे लागले.

आणि १९३६ चा ‘संत तुकाराम’. याच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. दिग्दर्शन दामले आणि फत्तेलाल या दोघांचे, म्हणजे एक ध्वनी आणि यंत्रे जाणणारा, दुसरा नेपथ्यकार. दिग्दर्शक म्हणून मिरवणारे हे लोकच नव्हते. पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचे. तुकोबांच्या भूमिकेला विष्णुपंत पागनीस आले, जे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत असत. त्यांच्या आवाजात आणि चेहऱ्यात जो सोज्वळपणा होता तो पाहून लोकांनी पुढे घराघरांत तुकोबांचे चित्र म्हणून त्यांचेच रूप मनात धरले. जिजाईची भूमिका गौरी यांनी केली. तोवर त्या लहानसहान कामे करत होत्या. मुलगा तापाने फणफणलेला, घरात दाणा नाही आणि नवरा भजनात. ती चिडून देवळात जाऊन विठ्ठलालाच जाब विचारते, ते दृश्य आजही पाहावे. त्यात देवाला शिव्या देणारी बाई आहे आणि तिच्या शिव्यांत भक्ती आहे. शहरी शिकलेल्या नटीला ते जमले नसते, असे माझे ठाम मत आहे.

शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले एक पद इतके तुकोबांच्या वळणाचे उतरले की पुष्कळांनी ते गाथेतलेच समजून घेतले. देहूचे घर, अंगण, गोठा, देऊळ असे उभे केले की गावाकडच्या प्रेक्षकाला त्यात नाटकी काही वाटले नाही. शेवटी तुकोबा विमानातून वैकुंठाला जातात. ते विमान हा सुतार, यंत्रकारागीर आणि कॅमेरावाले यांच्या कसबाचा चमत्कार. मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात हा चित्रपट सलग ५७ आठवडे चालला. तंबूतल्या खेळांना गावोगावचे लोक बैलगाड्या जुंपून आले, पादत्राणे बाहेर काढून बसले. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

वसईच्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘संत तुकाराम’ आणि १९४० चा ‘संत ज्ञानेश्वर’ या दोन्हींच्या दिग्दर्शनात आणि रूपात फत्तेलालांचा हात आहे, आणि ते कागलचे मुसलमान. ज्ञानेश्वरांची भूमिका करणारे शाहू मोडक अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबातले. कुणी त्याची जाहिरात केली नाही आणि कुणी आक्षेप घेतला नाही. आपल्या गावांत चर्चच्या सणाला शेजारची हिंदू मुले वाजवायला जातात आणि गणपतीच्या मखराला ख्रिस्ती सुताराचा हात लागतो, त्याच सहजतेने ते घडले.

शांतारामांचे चित्रपट वेगळ्या जातीचे. ‘कुंकू’ १९३७ चा, नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेली तरुण नीरा त्याला नवरा मानायला नकार देते. शांता आपटे आणि केशवराव दाते यांची कामे त्यात आहेत. चित्रपटात पार्श्वसंगीत म्हणून वाद्ये वाजत नाहीत. घरातले, रस्त्यावरचे आवाज तेवढे. घड्याळाचे टोलसुद्धा म्हातारपणाची आठवण देतात. ध्वनीची जाण असलेली कंपनीच असा निर्णय घेऊ शकते. १९३९ च्या ‘माणूस’मध्ये पोलीस शिपाई आणि वेश्या यांची कथा, शाहू मोडक आणि शांता हुबळीकर. १९४१ च्या ‘शेजारी’त हिंदू जिवबा आणि मुसलमान मिर्झा असे दोन जिवलग शेजारी धरणाच्या कारस्थानात एकमेकांपासून तोडले जातात. मराठीत केशवराव दात्यांनी जिवबा आणि गजानन जागीरदारांनी मिर्झा केला. हिंदीत जागीरदार मिर्झाच राहिले आणि हिंदू ठाकूर झाले मझहर खान. शेवटी धरण फुटते. ते धरण आवारातच उभारले गेले होते. पाण्याचा लोंढा, कोसळणारे दगड आणि त्यांत अडकलेले दोन मित्र पाहताना आजही प्रेक्षक श्वास रोखतो. संगणक नव्हता. होते ते सुतार, गवंडी, पाण्याच्या टाक्या आणि कॅमेरा किती वेगाने फिरवला तर लहान धरण मोठे दिसेल याचा हिशेब.

पगारी शिस्तीची दुसरी बाजूही या इतिहासात यायला हवी. १९३९ च्या जुलैत शांता आपटे यांनी कंपनीशी असलेल्या करारावरून प्रभातच्या फाटकातच उपोषण केले. ‘कुंकू’मधली नीरा जशी, तशीच ती करणारी नटी. एक स्त्री, एकटी, देशातल्या बलाढ्य स्टुडिओच्या दारात बसली. करारातली अट कलावंताला कुठवर बांधते हा प्रश्न तिने त्या दिवशी विचारला. आज आपल्याकडच्या सेटवर बारा-बारा तासांच्या शिफ्टमध्ये काम करणारी मुले-मुली तोच विचारत असतात.

उतार लवकर सुरू झाला. धायबर आधीच बाहेर पडले होते. वितरक बाबूराव पै भागीदार म्हणून आले. १९४२ मध्ये शांताराम कंपनी सोडून मुंबईला गेले आणि परळला त्यांनी राजकमल कलामंदिर उभारले. युद्धामुळे कच्ची फिल्म परवान्यावर मिळू लागली. काळाबाजाराचा पैसा चित्रपटात शिरला. त्या पैशाने नटांना एकेका चित्रपटापुरते मोठे मोल देऊ केले आणि महिन्याच्या पगारावरची माणसे टिकवणे कुठल्याच स्टुडिओला परवडेनासे झाले. एकटी प्रभातच यात सापडली असे नाही; बॉम्बे टॉकीज आणि इतर स्टुडिओही याच वाटेने गेले. तरी १९४४ चा ‘रामशास्त्री’ प्रभातने जुन्या तोऱ्यात काढला. १९४६ च्या ‘हम एक हैं’मधून देव आनंद पहिल्यांदा पडद्यावर आले आणि गुरुदत्त तिथेच नृत्यदिग्दर्शक म्हणून काम करत होते. धोब्याने शर्टांची अदलाबदल केली आणि या दोघांची ओळख झाली, ही कथा प्रसिद्धच आहे. ५ जुलै १९४५ रोजी दामले गेले. आवार सांभाळणारा, यंत्र बिघडले तर स्वतः हात घालणारा माणूस गेला. माझ्या मते प्रभातचा शेवट खरा त्या दिवशी सुरू झाला, शांतारामांच्या जाण्याने नव्हे. दिग्दर्शक गेला तर दुसरा शोधता येतो.

१९५३ च्या सुमारास कंपनी बंद पडली आणि आवार विकले गेले. इथे नशिबाने साथ दिली. चित्रपट उद्योगाची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या स. का. पाटील समितीने १९५१ मध्ये शिफारस केली होती की देशात चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था असावी. भारत सरकारने प्रभातची वास्तू घेतली आणि १९६० मध्ये तिथे फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. चेंबूरचा आर. के. स्टुडिओ २०१७ च्या आगीत भाजला आणि २०१९ मध्ये विकला गेला. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचे अवशेषच उरले. कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतरच्या दंगलीत, जाळला गेला होता. भालजी पेंढारकरांनी तो पुन्हा उभा केला. प्रभातचे चित्रणगृह मात्र आजही चित्रणगृह म्हणूनच वापरात आहे. मणि कौल, कुमार शहानी, अडूर गोपालकृष्णन त्याच आवारात शिकले. ध्वनीसाठी २००९ मध्ये ऑस्कर मिळवणारे रसूल पुकुट्टीही तिथलेच विद्यार्थी. दामल्यांच्या आवारातून ध्वनीचा माणूस जगासमोर गेला, याचा आनंद मला त्या पुरस्कारापेक्षा मोठा वाटतो.

१९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले. पी. के. नायर यांनी आयुष्यभर फिरून चित्रपटांच्या रिळांचा शोध घेतला. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा २०१२ चा ‘सेल्युलॉइड मॅन’ हा माहितीपट त्यांच्यावरच आहे. तो पाहताना कळते की आपल्याकडच्या हजाराहून अधिक मूकपटांपैकी जेमतेम मूठभर वाचले. जुनी फिल्म नायट्रेटची असे. ती पेट घेते, वितळते आणि तिच्यातली चांदी काढण्यासाठी भंगारात विकली जाते. २००३ च्या जानेवारीत इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्याही मूळ प्रती तीत गेल्या. नंतर काढलेल्या प्रतींवरून चित्रपट वाचले आहेत, दामले घराण्याने हक्क परत मिळवून ते लोकांपुढे आणले आहेत. त्याच घराण्यातून ‘इट्स प्रभात’ हा कंपनीच्या इतिहासावरचा माहितीपटही आला. कंपनीची कथा तिच्याच वारसांनी जतन करावी, हे फार मोलाचे काम आहे.

पण हे माहितीपट पाहिले, बापू वाटवे यांचे ‘एक होती प्रभातनगरी’ वाचले, शांतारामांचे ‘शांतारामा’ वाचले, तरी माझ्या मनात एक रिकामी जागा राहते. तुकोबांचे विमान कोणाच्या हाताने वर ओढले गेले? ‘शेजारी’तल्या धरणाच्या भिंतीला दगडाचा रंग कोणी दिला? रसायनशाळेत फिल्म धुणाऱ्या माणसाला पाण्याचे तापमान कसे कळे? त्या माणसांना विचारायचे राहिले, आणि आता विचारायला ती माणसे उरली नाहीत.

नायगावला ती आहेत. एखाद्या मालिकेचा वाडा तीन वर्षे उभा असतो, मालिका संपते आणि आठवड्याभरात तो मोडला जातो. प्लायवूड दुसऱ्या सेटला लागते, फायबरचे खांब गोदामात जातात, उरलेले भंगारवाला नेतो. तो वाडा कोणी आखला, चौकटीची नक्षी कोणी कोरली, पावसाळ्यात प्लास्टर फुगू नये म्हणून त्यात काय मिसळले, याची नोंद कुठेही होत नाही. वसईच्या किल्ल्यात कितीतरी चित्रपटांचे चित्रीकरण झाले. त्या दिवसांत तिथे राबलेल्या स्थानिक माणसांची यादी कोणाकडे नाही.

या कामाला मोठा पैसा लागत नाही. आपल्या परिसरातल्या महाविद्यालयांत माध्यमांचे अभ्यासक्रम आहेत, मुलांच्या हातात चांगले कॅमेरे आहेत. त्यांनी सेटवरच्या सुताराला सेट उभा राहतानाच विचारावे, मोडल्यावर नव्हे. त्याचे नाव, गाव, तो हे काम कोणाकडे शिकला, पहिला सेट कोणता बांधला, रोज किती मिळत होता आणि आता किती मिळतो, कोणते हत्यार त्याने स्वतः बनवले, हे त्याच्याच तोंडून, त्याच्याच बोलीत. रंगाऱ्याला भिंत जुनी कशी करायची ते करून दाखवायला सांगावे आणि सबंध काम न कापता चित्रित करावे. ड्रेसवालीकडे तिची वही असते. कोणत्या भागात कोणती साडी, कोणती पिन, ते सगळे त्या वहीत असते. त्या वह्यांची पाने छायाचित्रात घ्यावीत. चित्रीकरणावर तारीख, ठिकाण आणि माणसाचे पूर्ण नाव त्याच दिवशी लिहावे, आणि एक प्रत त्या माणसाच्या घरी द्यावी.

प्रभातची शंभरी १ जून २०२९ ला आहे. पुण्यात आणि कोल्हापुरात तेव्हा कार्यक्रम होतील. वसई-विरारहून तिथे न्यायला आपल्याकडे अशी पन्नास माणसांची चित्रणे तयार असावीत, एवढी माझी इच्छा आहे. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरात वा चाळीत कुणी सेटवर कामाला जाते, त्यांनी येत्या रविवारी त्यांच्याशी बोलायला बसावे.